तंत्रस्नेही विभाग

आमच्या मालाडच्या कॉलेजात इतिहास शिकवणारे आम्ही चौघं कायमचे, आणि पाचवी अक्षता, तासिका तत्त्वावर. तिची नेमणूक दर जूनला नव्याने व्हायची. कागदावर कारण एकच: ज्येष्ठ प्राध्यापकांना संगणकात मदत. चारकोपहून सकाळी सातला ती हजर असायची. हजेरी, गुण, आमचे ई-मेल, सगळं तीच बघायची. आम्ही कौतुक करायचो. कौतुकाला कष्ट पडत नाहीत.

फेब्रुवारीत विद्यापीठाची प्रश्नावली आली. प्राध्यापक वर्गात तंत्रज्ञान वापरतात का, वापरत नसतील तर कशामुळे? वय, भीती, सवय, प्रशिक्षणाचा अभाव, असे पर्याय होते. आळस नव्हता. असता तर आम्ही चौघं एका खुणेत सुटलो असतो.

प्रश्नावली ऑनलाइन होती, म्हणून ती भरायचं कामही अक्षताकडेच गेलं.

"नलिनी मॅडम, खरं लिहू ना?" तिने मला विचारलं.

उत्तर दिलं ते विभागप्रमुख राजाराम सावंतांनी. "खरं काय लिहितेस गं! विभागाची अब्रू आहे. सगळीकडे 'नेहमी' टाक."

मी वयाने सगळ्यांत मोठी. मला बोलता आलं असतं. बोलले नाही.

एप्रिलमध्ये निकाल लागला. तंत्रस्नेही म्हणून आमचा विभाग कॉलेजात पहिला, शंभर टक्के. सावंतांनी समोसे मागवले. अक्षतानेही एक खाल्ला.

आठवड्याने प्राचार्यांचा ई-मेल आला. आमचे ई-मेल तीच उघडायची, तिनेच मोठ्याने वाचून दाखवला. विभागाचं अभिनंदन. विभाग स्वयंपूर्ण झाल्याने संगणक-साहाय्यासाठीची तासिका नेमणूक जूनपासून बंद करण्यात येत आहे. प्राचार्यांच्या नावापर्यंत तिने सगळं वाचलं. आवाज जराही हलला नाही.

"वाट लागली," सावंत म्हणाले.

"प्राचार्यांना खरं सांगू या," मी म्हटलं.

"काय सांगणार, मॅडम? चौघांनी खोटं भरलं म्हणून? चौकशी लागेल ना आपल्यामागे."

बाकीचे दोघं खिडकीबाहेर बघत होते. मला माझी लाज वाटली. पण रिटायर व्हायला दीड वर्ष उरलं होतं, तेही आठवलं.

"सर, आज उत्तर पाठवायचंय," अक्षता म्हणाली. "विभागाला मान्य आहे, असं लिहू?"

सावंतांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग तिने आमच्या चौघांची नावं घातली आणि उत्तर पाठवून दिलं.