अकराव्या दिवसाची विभूती

मडकं फुटलं आणि मुखेडच्या शिवारातला अख्खा मांडव उठून उभा राहिला. आतल्या सफरचंदावर निळसर-हिरवी राख धरली होती.

"देवानं फळ भोगलं!" शिवप्रसाद महाराज गरजले. "अन् उष्टी विभूती तुमच्यासाठी ठिवली. मी काय केलं? काहीच न्हाई. फळ तुमचं, मडकं तुमचं, म्या निसती वाट दावली!"

वाट म्हणजे बाभळीच्या काट्याची एक टोचणी. पूजेच्या दिवशी महाराज काटा जुन्या विभूतीत बुडवत आणि भक्ताच्या फळात खुपसत, देवाला आत शिरायला. मग मडक्यावर ओलं फडकं, अकरा दिवस. निघालेल्या फळाचा रस रोज दोन पेले. झटके, मूळव्याध, वांझपण, कशावरही चालतो. प्रसाद आहे, त्यामुळे थेंबही टाकायचा नाही.

मी नांदेडच्या एका प्रयोगशाळेत फळांचे रस तपासते. गावी आले होते, शेजारच्या नागाबाईनं बोलावलं म्हणून. तिची चार वर्षांची ज्ञानेश्वरी तिच्या मांडीवर ओल्या फडक्यासारखी पडली होती. लातूरच्या डॉक्टरांच्या गोळीनं दोन महिने तिचे फेफऱ्याचे झटके थांबले होते. रस सुरू झाला आणि ते परतले.

"धम्मप्रिया, गोळी बंद न्हाई केली गं," नागाबाई कुजबुजली. "सासूच्या चोरून देते. सकाळी गोळी, लगीच सासू रस पाजते. पन गोळी आता लागूच होईना. काल तीनदा झटका आला."

"उलटी होते का?"

"रस पेला की होतीच. महाराज म्हणतात, बाधा बाहेर पडायलीय, रस वाढवा."

गोळी पोटात टिकतच नव्हती. झटके वाढले की महाराज रस वाढवत, आणि रस वाढला की गोळी बाहेर पडे.

सासू धुरपताबाईंसमोर हे बोलले. "तुम्ही देव मानत न्हाईत, तुला काय कळतंय?" त्या म्हणाल्या. "परसाद टाकू? उद्या लेकराला काय झालं तर तू भरून देशील?"

रसाची बाटली घेऊन मी नांदेडला गेले. ती विभूती म्हणजे बुरशी, आणि अशा बुरशीत पॅटुलिन नावाचं विष तयार होतं. रसात त्याची मर्यादा लिटरमागे पन्नास मायक्रोग्रॅम आहे; या रसात नऊशे निघालं. अकरा किलोच्या पोरीला रोज साडेचार मायक्रोग्रॅम चालतं. नुसत्या दोन छोट्या पेल्यांतही नव्वद जात होतं. उलटी एवढ्यानंच होते असं मी छातीठोक सांगू शकत नव्हते. सडक्या रसात आणखीही बरंच असतं. पण पेला थांबवायला हे पुरेसं होतं.

धुरपताबाईंनी रिपोर्ट उलटा धरला आणि परत दिला. "निसता कागद हाय."

मग मी सफरचंदं आणली. एकाला स्वच्छ सुई टोचली. दुसऱ्याला बाजारातल्या फळगाड्याखाली फेकलेल्या कुजक्या सफरचंदात बुडवलेला काटा. दोन मडकी, दोन ओली फडकी. मंत्र नाही. आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत ज्ञानेश्वरी अकरा किलोवरून दहावर आली.

नवव्या दिवशी मांडवात मी दोन्ही मडकी फोडली. पहिल्या फळावर तपकिरी ठिपका. दुसऱ्यावर भरगच्च विभूती.

"माझी शक्ती चोरली हिनं!" महाराज ओरडले.

"बाजारातल्या कचऱ्यातून चोरली, महाराज. तुमची विभूती याला शिवलेलीही नाही. काट्यानं फळात देव शिरत नाही, बुरशी शिरते."

कुणीतरी हसलं. मी रसाचा पेला पुढं केला. "घ्या, तुमचाच आहे."

"आज माझा उपास हाय."

"उपासाला फळ चालतं की!" मागून एक म्हातारा म्हणाला.

महाराजांनी पेला घेतला नाही. धुरपताबाई त्या पेल्याकडं बघत उभ्या होत्या. तेवढ्यात नागाबाई किंचाळली. ज्ञानेश्वरीला झटका आला होता, आणि तो थांबेना.

जीपनं लातूरला पोचेपर्यंत तो चालूच होता. वाटेत धुरपताबाई एकच बोलत होत्या, "म्या माझ्या हातानं पाजलं."

पोरगी वाचली. तीच गोळी, तेवढीच. रस बंद झाल्यापासून झटका आलेला नाही. पण त्या दिवसापासून ती एक शब्दही बोललेली नाही. बोलेल का, डॉक्टर सांगत नाहीत.

मांडव अजून भरतो. धुरपताबाई दर सोमवारी फाटकाशी उभ्या राहतात आणि रांगेतल्या बायांचे हात धरतात. "बायांनो, बुरशी हाय ती. तिचं इख गाळून जात न्हाई, उकळून जात न्हाई. फळ नासलं तर फेका, देव रागवत न्हाई. लेकरू ओकत असंल तर आधी डॉक्टरला सांगा. म्या विचारलं न्हाई. तुम्ही तरी विचारा."

बहुतेक जणी हात सोडवून पुढं सरकतात. परवा एक थांबली.