दोन सायकलींचा हूक

माझा थोरला भाऊ धर्मराज जुन्या जालन्यात कापडाचं दुकान चालवतो, मी टेंभुर्णीत वेल्डिंग करतो. नव्व्याण्णव साली त्याने जुनी अ‍ॅम्बेसेडर घेतली आणि कधी नव्हे ती त्याला माझी आठवण झाली.

त्याचा सर्जेराव आणि माझी नंदा, दोघांचीही औरंगाबादच्या सायकल शर्यतीसाठी निवड झाली होती. आदल्या वर्षी एसटीच्या टपावर नंदाच्या सायकलची रिम वाकली आणि पोरगी शर्यतीत न उतरताच परत आली. आता ती दहावीला. शाळेकडून ही शेवटचीच शर्यत. धर्मराज म्हणाला, गाडीला मागे हूक बसव, दोन्ही सायकली त्यावर नेऊ. पण काढता-घालता आला पाहिजे, लग्नकार्यात गाडी नीट दिसायला हवी.

चार दिवस दुकान बंद ठेवून मी तो बनवला. गाडीखाली जाड पट्टी, तिच्यात हूक, तो अडकवायला आडवी पीन. वर चाकं बसायला दोन खाचा. एक सर्जेरावच्या सायकलच्या मापाची, दुसरी नंदाच्या. तिची सायकल ठेंगणी, म्हणून ती खाच आखूड.

हूक बसला त्या दिवशी वहिनीने त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला आणि धर्मराजने चार माणसांत मला टॉवेल-टोपी दिली. माझी छाती फुगली. घरी बायकोने, द्वारकाने, तो टॉवेल उलटासुलटा करून पाहिला.

"घर बांधून झाल्यावर गवंड्याला देतेत टावेल-टोपी. सख्ख्या भावाला कोन देतं?"

तुझं मनच काळं, असं मी तिला सुनावलं. मूर्ख मीच होतो.

शर्यतीच्या दिवशी तीच टोपी घालून, टॉवेल खांद्यावर टाकून, मी नंदाला आणि सायकलला टेम्पोत घालून उजाडता उजाडता धर्मराजच्या दारात पोचलो. गाडी तयार होती. एका खाचेत सर्जेरावची सायकल, दुसरीत एक लांबडी गिअरवाली. ती आखूड खाचेत मावत नव्हती, म्हणून सुतळीने करकचून बांधली होती. अण्णासाहेबांच्या पोराची होती ती. व्यापारी मंडळाच्या निवडणुकीत अण्णासाहेब धर्मराजला उभं करणार होते.

"आलास ते बरं झालं," धर्मराज म्हणाला. "ही खाच जरा वाढवून दे. जल्दी कर, उशीर होऊन राह्यला."

नंदाचं काय, मी विचारलं.

"पुढल्या टायमाला नेऊ तिला. अन् तुझा मान मी बराबर केला ना? टावेल-टोपी दिली."

परक्याने फसवलं असतं तर दोन शिव्या हासडून मोकळा झालो असतो. थोरल्या भावानेच असा गळा कापल्यावर शिवीही सुचत नाही. नंदा नुसती त्या आखूड खाचेकडे बघत राहिली.

मी वाकलो. पीन ओढून टाकायला एक क्षण पुरला असता. पण काम माझ्या हातचं होतं, ती पक्की बसली आहे एवढं बघितलं. खाचेला हात लावला नाही. टोपी काढून बोनेटवर ठेवली.

"दादा, तुझा कारागीर गेला," मी म्हणालो. "भाऊ लागला तं टेंभुर्णीला ये."

नंदाने सायकल बसस्टँडकडे वळवलीच होती. एसटीच्या टपावर मी स्वतः चढलो. रिमला धक्का लागू नये म्हणून टॉवेलची चौपदरी घडी करून चाकाखाली घातली आणि वरून दोरी आवळली. कंडक्टरने खाली उतरायला तीनदा सांगितलं, तरी माझा हात त्या चाकावरून निघेना.