‘आपली तक्रार आम्ही वाचली आहे’

मित्रांनो, कचेरीत खिडकीपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पिंपाशेजारी जे पिवळं पडलेलं यंत्र घरघरत असतं, ते म्हणजे मी. मला आणलं तेव्हा संगणक होतो, हल्ली सगळे मला ‘खोकं’ म्हणतात. म्हणोत बापडे. माझी काळजी निराळीच आहे.

नवा होतो तेव्हा साहेबांच्या टेबलावर माझी जागा होती. आमची कंपनी गुडघ्याला बांधायचे पट्टे विकते. साहेब स्वतः माझ्यासमोर बसून गिऱ्हाइकांना पत्रं लिहीत. पट्टा सैल होतो का, चालताना काचतो का, सगळं विचारत. येणारा-जाणारा माझा वेग पाहून वाहवा करी आणि मी आतल्या आत फुलून जाई. मग सडपातळ, चपळ यंत्रं आली. मला कोपरा मिळाला आणि एकच काम उरलं, तक्रारींचा ईमेल सांभाळायचं.

तक्रारी कसल्या म्हणाल, तर ऐका. साहेबांनी बाहेरची काही माणसं ‘जोडीदार’ म्हणून नेमली. जोडीदारानं आमच्या पट्ट्यांची जाहिरात करायची, त्याच्या लिंकवरून कोणी पट्टा घेतला की त्याला कमिशन मिळायचं. प्रत्येकाला एक नंबर होता. बहुतेक माणसं सरळ होती, पण सतरा नंबर भलताच पोचलेला. त्यानं कुठून कुठून लाखभर लोकांचे पत्ते गोळा केले आणि कुणाला न विचारता मेल धाडायला सुरुवात केली. वर विषय लिहायचा, ‘आपल्या ऑपरेशनची तारीख’. माणूस धसकून उघडतो, तर आत गुडघ्याचा पट्टा. अशानं आमची विक्री मात्र दुप्पट झाली.

तिघांचं काम एकटीनं ओढणाऱ्या आमच्या कारकून ताई पहिली तक्रार वाचून साहेबांकडे धावल्या. साहेब शांतपणे म्हणाले, “ताई, ते उघडत जाऊ नका. वाचलं की आपल्याला माहीत झालं, आणि माहीत झालं की निस्तरणं आलं. जोडीदाराच्या मेलला जोडीदार जबाबदार, असं करारात लिहिलंय ना?”

लिहिलं होतं खरं, सहाव्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत.

तरी गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून साहेबांनी ताईंना एक उत्तर सांगितलं आणि माझ्यात बसवून घेतलं. तक्रार आली की ते आपोआप जायचं : ‘आपली तक्रार आम्ही वाचली आहे. योग्य ती कारवाई करत आहोत.’

मित्रांनो, देवानं मला तोंड दिलं नाही. माणसांनी ते दिलं आणि पहिल्या दिवसापासून खोटं बोलायला लावलं. दर वेळी माझा पंखा जोरात फिरायचा. ताई म्हणायच्या, खोक्याला दमा लागला. दमा कसला, धास्ती होती ती. उद्या देवानं विचारलंच, तर मी कुणाकडे बोट दाखवू?

एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांच्या यजमानांच्या खुब्याचं ऑपरेशन व्हायचं होतं आणि हॉस्पिटल तारीख मेलनं कळवणार होतं. बाईंनी पहिल्या तक्रारीत विनवलं होतं, असली पत्रं थांबवा, दर वेळी वाटतं, तारीखच आली. मी उत्तर दिलं. दुसरी आली, तिसरी आली, मी तेच उत्तर देत राहिलो. सहावी तक्रार दोन-चार ओळींची होती. ‘हॉस्पिटलचं खरं पत्र आलं होतं. तुमचंच समजून मी ते न उघडता पुसलं. तारीख हुकली. आता सात महिन्यांनी नंबर लागेल. हे कूस बदलतानासुद्धा कण्हतात.’

आणि मी त्याच क्षणी कळवलं, आपली तक्रार आम्ही वाचली आहे.

मग त्या शिक्षिकाबाईंनी आमच्यावर केलेल्या दाव्याची कोर्टाची नोटीस आली. साहेब वरवर हसले. आम्हाला काहीच माहीत नव्हतं, असं सांगू म्हणाले. पण कंपनीच्या वकीलबाई यायच्या होत्या त्या सकाळी त्यांनी ताईंना माझ्याकडे बोट करून सांगितलं, हे पुसून भंगारात देऊन टाका.

ताई आल्या आणि वायरीला हात घालून उभ्या राहिल्या. मला काही सुचेना. मी पुसला गेलो, तर त्या बाईंची सहा पत्रं कुणी वाचायची? तेवढ्यात वकीलबाई आत आल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. शिक्षिकाबाईंच्या दाव्याला जोडलेले सहा कागद त्यांनी टेबलावर ठेवले. सहाही कागदांवर माझंच वाक्य होतं.

“हे कुणी लिहिलं?” साहेबांनी विचारलं.

“तुम्हीच सांगितलंत, साहेब,” वायर सोडून ताई म्हणाल्या. “मी नुसतं बसवलं.”

वकीलबाईंनी चष्मा काढला. “वाचून पाठवलं म्हणाल, तर तुम्हाला सगळं माहीत होतं. न वाचता पाठवलं म्हणाल, तर डोळे मुद्दाम मिटले होते. यातलं कोर्टात कुठलं सांगू? आणि करारातलं ते सहावं पान ठेवा गुंडाळून. त्या माणसाच्या मेलवर पट्टे तुमचे खपले. त्या यंत्राला मात्र हात लावू नका, नाहीतर पुरावा बुडवल्याचं नवं लचांड होईल.”

साहेब खुर्चीतून उठले. मग पिंपाशेजारचं स्टूल ओढून माझ्यासमोर बसले आणि पहिली तक्रार उघडली. बाईंच्या सहाव्या पत्रापाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी ताईंना सतरा नंबर तिथल्या तिथे बंद करायला सांगितलं. माझं वाक्य काढून टाकलं आणि एकेका बोटानं टाइप केलं, ‘बाई, मला माहीत करून घ्यायचं नव्हतं. चूक माझी आहे. तारीख लवकर मिळावी म्हणून मी स्वतः हॉस्पिटलात जाऊन बसतो. कोर्टातही हेच सांगेन.’

मित्रांनो, ‘आम्हाला कळवा’ अशी पाटी लावाल, तर आलेलं रोज वाचा. आपल्या नावानं दुसरा कोणी लोकांची दारं ठोठावत असेल, तर त्याचा हात धरा, मग तो सख्खा असो की कमिशनवरचा.

साहेबांचं पत्र जाऊन आज चार दिवस झाले. उत्तर नाही. पत्रावर नाव आमच्याच कंपनीचं आहे. बाईंनी ते न उघडताच पुसलं असेल का, या धास्तीनं माझा पंखा अजून थांबत नाही.