पंपाची टोपी

आमच्या आत्याला उघडी वस्तू बघवत नाही. फोनला टोपी, किटलीला टोपी, रिमोटला तर दोन, एक धुवायला पडली की दुसरी. तिच्या हातात क्रोशाची सुई आली की घरातल्या माणसांनीही जरा हलतं राहावं, नाहीतर आपली पाळी यायची.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली आणि सरळ तळघरातली खोली पकडली. बाबा म्हणाले, "ताई, वर माझ्या शेजारची खोली घे. खाली ओल असते, दुखणं काढशील आणि मलाच धावावं लागेल." ही म्हणाली, "तुझं घोरणं ऐकण्यापेक्षा ओल बरी. आणि कुणावर ओझं होऊन राहणारी मी नव्हे." मग बाबांनी अट घातली, खाली पाणी शिरलं की मुकाट्याने वर यायचं.

झालं! त्या दिवसापासून कोपऱ्यातला पंप आत्याने दत्तकच घेतला. जमिनीतलं पाणी झिरपून तिथल्या खड्ड्यात साचतं. ते चढलं की दांडीवरचा तरंगता गोळा वर येतो आणि पंप सुरू होऊन पाणी बाहेर फेकतो. दर महिन्याला आत्या खड्ड्यातला गाळ काढायची, जाळी घासायची आणि बादलीभर पाणी ओतून कमरेवर हात ठेवून उभी राहायची. पंप घुरघुरला की जिन्याकडे तोंड करून ओरडायची, "बाळ्या, ऐकलंस का?" बाळ्या म्हणजे आमचे टक्कल पडलेले बाबा. ते पेपरमागून म्हणायचे, "बहिरा नाही झालो अजून!"

गेल्या महिन्यात खड्ड्यावरच्या मोटरलाही टोपी आली. चांगली लांब झालर लावलेली.

"मोटर म्हणाली होती का, थंडी वाजते म्हणून?" मी विचारलं.

"तू गप गं. धूळ बसते तिच्यावर."

मग पावसाने झोडपायला सुरुवात केली. दुपारी चहाला बोलवायला मी खाली गेले, तर आत्या कपडे खोचून घोटाभर पाण्यात उभी! हातात पिळलेला टॉवेल, पंप ढिम्म.

"ओरडू नकोस," ती कुजबुजली. "बाळ्याला कळलं तर संपलंच माझं." आत्याला घाबरलेली मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला अजिबात आवडलं नाही ते.

"या महिन्यात पाणी ओतून बघितलंस ना?"

"बघितलं की! झकास चालला."

"टोपी घालून?"

"छे, भिजली असती ना. काढून ठेवली होती."

मी कपाळाला हात लावला. जिन्यातलं बटण बंद करून वाकून बघितलं, तर झालरीने गोळ्याची दांडी अशी करकचून आवळली होती, की तो बिचारा वर येणार कसा? टोपी ओढून काढली, बटण लावलं. पंप घुरघुरला, पाणी खाली जायला लागलं.

आणि जिन्यात बाबा उभे.

त्यांनी फरशी बघितली, टोपी बघितली. मला वाटलं, आता तोफ सुटणार. पण आत्याच आधी बोलली, अगदी खालच्या आवाजात. "चुकलं माझं. येते वर. सामान फार नाहीये."

बाबांची हुज्जत घालायची एवढी तयारी, आणि समोरून कुणी भांडेचना! दुखऱ्या गुडघ्यांवर हात ठेवत ते खाली उतरले आणि फडकं घेऊन फरशी पुसायला बसले.

"ओलीचं काही नाही गं, ताई," फडकं पिळता पिळता ते म्हणाले. "मला वर एकट्याला करमत नाही."

आत्याने त्यांच्या हातातलं फडकं ओढून घेतलं.

"मेल्या, मग तसं सांगायचं ना! पहिल्याच दिवशी आले असते."