उपकेंद्रातला कांदा

रानात कांद्याची पात काटता काटता विळा सटकला तो थेट आक्काबाईच्या पोटरीत. रक्ताची धार लागली. सून निकितानं डोक्याचा रुमाल सोडून घट्ट आवळला.

"आत्याबाई, चला. आज मंगळवार. सिस्टर आल्या असतील सरपंचाच्या ओसरीवर."

"त्या ओसरीवर? माजं मढंबी जायाचं न्हाई!"

आता आमच्या गावाला आरोग्य उपकेंद्र आहे. चांगलं स्लॅबचं, गुलाबी. पण सरपंच अंगदरावाची कांदा साठवायची चाळ भरली नि 'चार दिसासाठी' म्हणून कांदा उपकेंद्रात शिरला. तो विकला, दुसरा आला, वर खताच्या गोण्या आल्या. मग विजया सिस्टर सरपंचाच्या ओसरीवरच बसायला लागल्या. अंगदराव माणूस वाईट नव्हे हो! येईल त्याला चहा पाजायचा, अडल्याला गाडी द्यायचा. पण आक्काबाईचं नि त्याचं दोन वर्षांमागं शेताच्या बांधावरून वाजलेलं. बीपीच्या गोळ्यांसाठी म्हातारी एसटीनं पारनेर गाठायची, ओसरी चढायची नाही.

"धनुर्वात झाला मंजी?" निकिता रडकुंडीला आली.

"सुई सरकारची, बाई सरकारची. मंग मी अंगदाच्या दारात का म्हनून? चल, दवाखान्यात."

लंगडत जाऊन बया उपकेंद्राच्या पायरीवर बसली. निकिता सिस्टरला घेऊन आली.

"आजी, जखम धुवायची, टाके घालायचे. उघड्यावर कसं करू? टेबल आत, नि किल्ली सरपंचांकडे."

"मंग मागव. मी हालत न्हाई."

आमच्यात बातमीला पाय नसतात, पंख असतात. काटणीच्या बाया विळे कमरेला खोवून आल्या, पुढं भीमाबाई. मागून अंगदराव आला, हसतच.

"आक्का, आगं माज्या वसरीवर मी कुनाला न्हाई म्हनलोय का?"

"न्हाई म्हनला न्हाईस, खरं हाय," आक्काबाई म्हणाली. "पर तू म्हनू शकतूस ना? आज तुजी मर्जी हाय, उद्या न्हाई. मर्जीवर काय दवाखाना चालतो व्हय रं?"

मग भीमाबाई हळूच म्हणाली, "माजी सून बाळाच्या डोसाला येत न्हाई, सरपंच. तुमच्या वसरीवर समद्या गड्यांफुडं रडत्या बाळाला पाजाया लाजती."

अंगदरावाचं हसू मावळलं. हे त्याला ठाऊकच नव्हतं. खिशातून किल्ली काढून त्यानं पायरीवर टाकली.

"न्या बाहीर. पर कांदा तुडवू नका!"

मग काय! साखळी करून बायांनी पाट्यांवर पाट्या बाहेर काढल्या. नासक्या कांद्याचा वास, पाचोळा, उंदरं. हसणं आणि शिव्या एकाच वेळी. टेबल धुतलं, पाणी उकळलं. टाके घालताना आक्काबाई 'आई गं' करून किंचाळली आणि धनुर्वाताची सुई टोचताना मात्र हूं नाही की चूं नाही.

बाहेर आपल्या कांद्याच्या ढिगाशी अंगदराव घामाघूम उभा. चेहरा लालबुंद.

"सरपंच, बीपी वाढलंय वाटतं. या, बघते," सिस्टर आतून म्हणाल्या. "पण रांगेतून हं."

रांग बायांची, पार दारापर्यंत. सरपंच ओशाळून शेवटी उभा राहिला.

आक्काबाईनं पाय आवरून बाकावर जागा केली.

"ये, बस, अंगदा," दोन वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्याशी नीट बोलली. "हितं कुनालाबी बसता येतं."