कांडीच्या पायाला मारलेली गाठ

पिल्लू पडून लंगडायला लागलं तर काय करायचं, ते आधीच सांगून टाकतो. खोक्यात ठेवायचं, हलू द्यायचं नाही, डॉक्टरकडे न्यायचं. संपलं.

मी काय केलं, ते आता. जेवायला बसला असाल तर नंतर वाचा.

धुळे. हाशमभाईंचा कारखाना, आठ यंत्रमाग. कांडी हे तिथलं मांजरीचं दोन महिन्यांचं पिल्लू. सुताच्या कांड्यांच्या टोपलीत झोपते, म्हणून कांडी. सोमवारी ती कापडाच्या थप्पीवर चढली आणि वरून थेट फरशीवर. पुढचा डावा पाय उचलून, तीन पायांवर, माझ्याकडे आली.

माझ्याकडेच.

वीस वर्षं मी मागावर तुटलेले धागे जोडतो. माझी गाठ तांदळाच्या कणीएवढी असते आणि सुटत नाही, कापावी लागते. मागांना तेल घालणाऱ्या उखर्डूची गाठ दुपारपर्यंत सुटते. त्यावरून सगळे त्याला हसतात. मी जरा जास्त.

तर. हळद-तेल चोळलं. आइस्क्रीमच्या दोन काड्या. सूत, गच्च, अकरा वेढे. गाठ. वरून चिंधी.

"डाक्टरपेक्षा भारी बांधं रे भो!" उखर्डू म्हणाला.

मी फुगलो. पायही फुगत होता, पण तो चिंधीखाली.

मंगळवार. कांडी कुरकुरते. मी म्हणालो, लाडात आलीय.

बुधवार. वास.

गोडसर, कुजका, घशात चिकटणारा. हाशमभाई नाकाला रुमाल लावून म्हणाले, "मागाखाली उंदीर मेलाय. शोधा."

शोधला. आठही मागांखाली. पालथा पडून मी तेलकट कचऱ्यात कोपरापर्यंत हात घातला.

"उखर्डू, तुना डबामा काय मरी गयं रे?"

"मना डबा नही, तुना मोजा!"

हसलो. तासभर. कांडी टोपलीतून आमच्याकडे बघत होती आणि तिच्या चिंधीवर माश्या होत्या. माश्या मी पाहिल्या. पाहिल्या, आणि उंदीर शोधत राहिलो.

टोपलीपाशी वाकले हाशमभाई. सरळ झाले ते माझ्याकडे बघतच. "जीवन. उचल हिला."

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी चिंधी सोलली. सूत दिसेना. सुजलेल्या मांसाने ते गिळलं होतं. पू पिवळा, हळद पिवळी. कुठलं कोणतं कळेना.

"कोणी बांधलं?"

उखर्डू खाली बघत म्हणाला, "यानी."

"पाय मोडलाच नव्हता. मुरगळला होता."

गाठ सुटेना. कात्रीचं टोक मांसात घालावं लागलं. बाहेर आली ती अख्खी, कणीएवढी, सुबक. शिसारी आली मला तिची.

"पाय वाचतो की कापावा लागतो, बघू." डॉक्टरबाईंनी चिमट्याने एक बोट दाबलं. कांडी स्वस्थ. दुसरं दाबलं. स्वस्थ. तिसरं—

कांडी त्यांच्या हाताला कडकडून चावली.

"चावली! म्हणजे जाणीव आहे. पाय राहील," त्या हातमोजा बघत म्हणाल्या. "दोन बोटं जातील. पट्टी रोज बदला. आणि सैल बांधा."

तीन वेळा साबण लावला. बोटांचा वास जात नाही. भाकरी चमच्याने मोडून खाल्ली.

उद्या पट्टी बदलायची आहे. बांधायला मी उखर्डूला सांगितलंय.