केडगावपर्यंतचं डिझेल

गाडी चालवता येते त्या माणसाला डिझेलही कळत असणार, असं समजून मी संसाराची सदतीस वर्षं काढली. ती समजूत तिसगावच्या अलीकडे, भर रस्त्यात, सकाळी पावणेनऊ वाजता मोडली.

आमचे हे, आसाराम, एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. डिझेल वाचवलं म्हणून त्यांचा तीनदा सत्कार झाला. तिन्ही शाली कपाटात घडी घालून ठेवल्यात आणि त्यांना हात लावायची घरात कुणाची टाप नाही. लिटरला किती किलोमीटर, हा हिशेब त्यांना झोपेतही येतो. पण टाकी भरायचं काम त्यांच्याकडे कधी नव्हतंच. रात्री गाडी डेपोत लावायची, सकाळी भरलेली ताब्यात घ्यायची. दुसऱ्यांनी भरलेल्या टाकीवर हे पठ्ठे शाली मिळवत होते, हे इतकी वर्षं माझ्या ध्यानातच आलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी सतरा सीटची जुनी मिनीबस घेतली आणि आमच्या केडगावच्याच एका गॅरेजात तिचं घर करून घेतलं. दोन पलंग, शेगडी, बेसिन, छोटा फ्रीज, टपावर पाण्याची टाकी. गॅरेजवाल्याने सगळं केलं, फक्त दाराचं कुलूप बसवायचं आणि डिझेलचा काटा जोडायचा राहिला. मी म्हटलं, आधी काटा जोडून आणा. तर म्हणाले, काटा नवशिक्यांना लागतो, मला हिशेब येतो.

आता त्या हिशेबाची तऱ्हा ऐका. टाकीत चाळीस लिटर डिझेल टाकलं. गाडीची पूजा झाली आणि दोन दिवस अर्धं केडगाव आमच्या दारात लोटलं. येणाऱ्या प्रत्येकाला पलंगावर बसायचं होतं आणि एसीची हवा खायची होती. दसऱ्यानंतरचा उकाडा, त्यात फुकटची थंडी, मग कोण उठतंय? एसी चालायचा तर इंजिन चालू ठेवावं लागतं. दोन दिवस गाडी दारात उभ्या उभ्या गुरगुरत होती, मी चहाच्या फेऱ्या मारत होते आणि हे प्रत्येकाला बेसिनचा नळ सोडून दाखवत होते. मीटर मात्र एक किलोमीटरही पुढे सरकला नाही. म्हणून यांच्या मते डिझेलही गेलं नाही.

त्या दिवशी आम्ही काही सहलीला निघालो नव्हतो. माझा धाकटा भाऊ अंगद आणि त्याची बायको साळूबाई पाथर्डीच्या पुढच्या आमच्या गावातून दरवर्षी ऊसतोडीला जातात. त्यांची आरती नववीत आहे. मागच्या साली सहा महिने तिची शाळा बुडाली. आईबाप उसाच्या फडात, ही कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, स्वयंपाक करत आणि धाकट्या भावाला सांभाळत बसलेली. यंदाही तेच होणार, हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी अंगदला फोनवर सुनावलं, पोरगी माझ्याकडे ठेव, केडगावच्या शाळेत नाव घालते, मी स्वतः येऊन घेऊन जाते. ट्रक सकाळी दहाला गाव सोडणार होता. साळूबाईने फोन घेऊन एवढंच विचारलं, "वन्सं, याल नं नक्की?" त्याचाही मला राग आला. तीस वर्षं अंगणवाडीत लोकांची पोरं सांभाळली, त्या बाईला हे विचारायचं?

साडेसातला निघालो. करंजीचा घाट मागे पडला आणि पंप दिसला. मी म्हटलं, भरून घ्या. हे म्हणाले, अजून तीनशे किलोमीटरचं आहे टाकीत, उगाच थांबलं की ॲव्हरेज पडतं. पंपापासून चार किलोमीटरवर गाडीने दोन आचके दिले आणि रस्त्याच्या कडेला गप्प झाली.

आधी त्यांनी फिल्टरला दोष दिला. पाऊण तास बोनेटमध्ये डोकं घालून फिल्टर पुसत होते. शेवटी मी खिडकीच्या पडद्याची दांडी उपसली आणि टाकीत घातली. कोरडी ठणठणीत निघाली. यांनी दांडी हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाले, "असं कसं? गाडी तर हललीच न्हाई."

मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. शालींचाही उद्धार केला.

पाण्याचा प्लास्टिकचा कॅन घेऊन ते एका मोटारसायकलवर बसून पंपाकडे गेले. मी गाडीपाशी. दाराला कुलूप नाही, आत गॅसची टाकी, त्यामुळे हलता येईना. माझ्या डोळ्यांदेखत पाथर्डीची एसटी निघून गेली. अंगदचा फोन आला, कुठंय? मी म्हटलं, आलेच. डिझेल संपलं हे जिभेवर येईना. अर्ध्या तासाने परत फोन. परत आलेच. साडेदहाला हे परतले, चालत आणि रिकामा कॅन घेऊन. असल्या कॅनमध्ये डिझेल देत नाहीत म्हणे. रस्त्यात अडकलेल्या माणसाने लोखंडी डबा कुठून पैदा करावा, हे सांगणारा नियम मात्र कुणी केलेला नाही.

अकराच्या सुमाराला पाथर्डीकडून ट्रक आला. वर गाद्या, पत्र्याच्या पेट्या, पाण्याची पिंपं, पायाला दोरी बांधलेल्या दोन कोंबड्या आणि त्यांच्यात दाटीने बसलेली माणसं. आम्हाला ओळखून अंगदने टप वाजवला. ट्रक थांबला. आरती धाकट्याला मांडीवर घेऊन एका पेटीवर बसली होती. मला बघून हसली नाही.

मी खालूनच तोंड सोडलं. मी येतेय म्हटलं होतं ना, मग पोरीला ट्रकमध्ये बसवलंच कसं? अंगद मान खाली घालून पेट्यांच्या दोऱ्या आवळायला लागला. बोलली ती साळूबाई.

"वन्सं, तुमी दोन येळा आलेच म्हनलात. मी ट्रकवाल्याच्या हातापाया पडून त्याला आर्धा तास थांबवला. समद्यांची बोलनी खाल्ली." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "पोरीला न्यायला येनार हुता, मंग हे घर कशाला संगं आनलं? काल यष्टी न्हवती का?"

होती. काल दुपारची एसटी जवळजवळ रिकामी जाते, मला पाठ आहे. पण मला हे घर माहेरच्या दारात उभं करायचं होतं. अख्ख्या गावाने त्याच्यात चढून बेसिनचा नळ सोडून बघावा, अशी माझी हौस होती. सकाळपासून मी नवऱ्याला झोडपत होते आणि ही गोष्ट मात्र पोटात ठेवली होती. मला माझीच लाज वाटली. लाज वाटली की मी आणखी चिडते, म्हणून म्हटलं, झालं ते झालं, आता उतरव तिला.

"उतरवते. पन पुढल्या आठवड्यात तुमी दोघं ह्याच गाडीनं कोकनात चाललात म्हनं. गावात समद्यांना ठावं हाय. मंग माझी पोर कोनापाशी?"

ट्रकमधली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. कोकणातले आमचे पंधरा दिवस पोरगी शेजारच्या रुपालीकडे जेवेल, झोपेल, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. तोंडाने ते सांगायची हिंमत झाली नाही.

तेवढ्यात ट्रकचा ड्रायव्हर वाल्मिक पत्र्याचा डबा आणि नळी घेऊन उतरला. काय झालंय ते त्याने न विचारताच ओळखलं होतं. म्हणाला, वीस लिटर काढून देतो, पण तुमच्या इंजिनाच्या नळीत हवा धरली असंल, ती आधी काढावी लागंल.

"वीस नको," हे म्हणाले. "सहा काढा."

वाल्मिक म्हणाला, सहात काय होतंय मामा, कुठंबी पोचायचं न्हाई.

"केडगाव पंचेचाळीस किलोमीटर हाय. एसी बंद ठेवला तर सहात घर गाठतं." रोज रात्री कोकणाचा नकाशा मांडीवर घेऊन बसणारा हा माणूस साळूबाईकडे बघून बोलत होता. "त्याच्या पुढं कुठं जायचंच न्हाई आता. तुमची तोड संपून कारखाना बंद हुईस्तोवर ही गाडी दारात उभी ऱ्हाईल. टाकीत जास्तीचं असलं तर मन फिरंल माझं. सहाच द्या."

 वाल्मिकने नळी ट्रकच्या टाकीत सोडली.

साळूबाईने आरतीच्या मांडीवरून धाकट्याला स्वतःकडे घेतलं. तो रडायला लागला. मग तिने बूड हलवून खालून दप्तर ओढून काढलं. सगळा संसार ट्रकमध्ये रचला, पण ते दप्तर तिने सामानात टाकलं नव्हतं, त्याच्यावर बसून आली होती. आरती चाकावर पाय देऊन उतरली. दप्तर घ्यायला मी दोन्ही हात वर केले.

साळूबाई वाकली आणि तिने ते यांच्या हातात दिलं.